मॅन पेजमधलं गायब वाक्य आणि मॅकवरचा एक सेकंद

मुक्त सॉफ्टवेअरमधलं माझं पहिलं काम म्हणजे मॅन पेजमधून, म्हणजे कमांड कशी वापरायची ते सांगणाऱ्या मदतपानातून, गायब झालेलं एक वाक्य परत आणणं. टूल छोटं होतं, 'मेक'च्या कुळातलं. कोणती फाईल कशावर अवलंबून आहे ते वाचायचं, त्यांच्या बदलाच्या वेळा ताडून पाहायच्या आणि जी जुनी पडली असेल तेवढीच पुन्हा बनवायची. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये 'मेक' लिहिलं, तेव्हापासून या कुळाचा गाभा हाच आहे.

ते वाक्य मूळ फाईलमध्ये होतं, पडद्यावर मात्र दिसत नव्हतं. मॅन पेज रॉफ भाषेत लिहितात. त्यात ओळ टिंबाने किंवा एकेरी अवतरणचिन्हाने सुरू झाली, की ती मजकूर नसून आज्ञा आहे असं धरलं जातं. इथे अवतरणात टाकलेला एक शब्द नेमका ओळीच्या सुरुवातीला आला होता. त्या नावाची आज्ञाच नाही, म्हणून अख्खी ओळ गुपचूप गाळली जात होती. ओळीच्या आधी \& घातलं आणि वाक्य परत आलं. हे दाखवून दिलं मॅन पेज छापणाऱ्या मॅनडॉक या प्रोग्रॅमच्या लिंट, म्हणजे चुका शोधणाऱ्या तपासणीने. नवख्या माणसाला यापेक्षा चांगला गुरू मला माहीत नाही. कुठल्याही मॅन पेजवर ती चालवा, करण्याजोग्या कामांची यादीच हातात येते.

त्या यादीतली एक सूचना हमखास येते: नवं वाक्य नव्या ओळीवर सुरू करा. ती किरकोळ वाटते, पण त्यामुळे पुढे कुणी एक वाक्य बदललं तर पॅचमध्ये, म्हणजे पाठवलेल्या बदलांच्या फाईलमध्ये, तेवढंच वाक्य दिसतं, अख्खा परिच्छेद हलत नाही. दुसरी गोष्ट पर्यायांआधीच्या रेघेची. रॉफमध्ये नुसती - म्हणजे शब्द जोडणारी रेघ, आणि \- म्हणजे कमांडमध्ये टाइप करायची रेघ. काही यंत्रणांवर पहिलीच्या जागी वेगळंच युनिकोड चिन्ह छापलं जातं. मग वाचणारा उदाहरण कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवतो आणि कमांड चालत नाही. पानात पर्याय शोधायला गेलं तर तोही सापडत नाही.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते, मलाही होती. मॅन पेजला लागतात ती छोटी, वर्तमानकाळातली, अलंकार नसलेली वाक्यं. ती आपल्याला नक्की जमतात. अवघड असतं ते वाक्य खरं आहे का हे पडताळणं, आणि खरं शिक्षण तिथेच होतं.

पानात लिहिलं होतं की मूळ फाईल नंतर बदलली असेल तर लक्ष्य फाईल पुन्हा बनते. मी छोटी स्क्रिप्ट लिहिली: बनवा, लगेच मूळ फाईल बदला, पुन्हा बनवा. माझ्या लिनक्सवर दर वेळी बरोबर. मैत्रिणीच्या मॅकवर मात्र अधूनमधून 'सगळं अद्ययावत आहे' असं उत्तर यायचं आणि जुनंच बायनरी, म्हणजे आधी बनलेला प्रोग्रॅम, हातात पडायचं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. सेकंदाचे अपूर्णांक ज्या फील्डमध्ये असतात त्याचं नाव लिनक्सवर एसटी_एमटिम आहे आणि मॅकवर एसटी_एमटाइमस्पेक. आमची कॉन्फिगर स्क्रिप्ट, म्हणजे टूल बनवण्याआधी यंत्रणेत काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट, फक्त पहिलं नाव शोधायची. ते सापडलं नाही की टूल पूर्ण सेकंदांवर समाधान मानायचं, आणि एकाच सेकंदात घडलेले दोन बदल त्याला सारखेच दिसायचे. बिल्ड टूलने जुनी वस्तू नवी म्हणून द्यावी, याहून वाईट चूक त्याच्या हातून होऊ शकत नाही. माणूस तासन्‌तास स्वतःच्या कोडमध्ये दोष शोधत बसतो.

दोन्ही नावं तपासली, प्रश्न सुटला. पण मॅकची जुनी एचएफएस प्लस फाईल सिस्टीम वेळ साठवतेच पूर्ण सेकंदांत. तिथे कोड काही करू शकत नाही, म्हणून ती मर्यादा मॅन पेजच्या 'बग्ज' विभागात लिहिली.

बाकीच्या अडचणी नेहमीच्या, पण ओळखून ठेवा. स्क्रिप्टच्या डोक्यावर एसएच, म्हणजे आज्ञा चालवणारं साधं शेल, लिहून आत बॅश या विस्तारित शेलची भाषा वापरू नका. उबुंटूने २००६ पासून एसएचच्या जागी डॅश हे छोटं शेल ठेवलं आहे आणि चौकटी कंसातल्या तुलनेत == दिसलं की ते तक्रार करतं. तिथे एकच = लिहा. सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने फाईल जागच्या जागी बदलायची असेल तर जीएनयू आणि बीएसडीचे नियम वेगळे आहेत, त्यापेक्षा तात्पुरत्या फाईलमध्ये लिहून तिचं नाव बदला. आणि सी भाषेत गेटसी या एकेक अक्षर वाचणाऱ्या फंक्शनचं उत्तर कधीही कॅरेक्टर प्रकारात साठवू नका, इंट या पूर्णांक प्रकारातच ठेवा. तो प्रकार एआरएम लिनक्सवर ऋण किंमत धरत नाही, त्यामुळे फाईल संपल्याची खूण ओळखूच येत नाही आणि लूप थांबत नाही. रास्पबेरी पाय हातात असेल तर हे स्वतः करून बघा.

तपासायला महागडी यंत्रं लागत नाहीत. माझ्याकडे एक लॅपटॉप आहे. त्यात क्यूईएमयू या आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीम, शिवाय अल्पाइन लिनक्सचा कंटेनर. अल्पाइनमध्ये सी लायब्ररी मसल आहे, त्यामुळे ग्लिबसी या बहुतेक लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या सवयी लगेच उघड्या पडतात.

माझा पहिला मोठा पॅच परत आला होता. मी पूर्ण पान एकाच वेळी दुरुस्त केलं होतं, त्यात ओळींची मांडणीही बदलली होती आणि अर्थही. तपासणाऱ्याला दोन्ही वेगळं करणं अशक्य होतं. मी त्याचे सात भाग केले: आधी नुसती मांडणी, मग रेघा, मग एकेका वाक्याची दुरुस्ती, आणि प्रत्येकाखाली कोणत्या यंत्रणेच्या कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिलं ते लिहिलं. सहा भाग आठवड्याभरात घेतले गेले. सातव्यावर प्रश्न आला, "हे ओपनबीएसडीवरही खरं आहे का?" मी यंत्र सुरू करून पाहिलं. नव्हतं.