पळस फुलला, पण फोटो फसला: वसंतात या चुका टाळा

काटेसावर, पळस, पांगारा, मग पाडव्याच्या सुमारास कडुनिंबाचा फुलोरा आणि उन्हाळा चढला की बहावा. मराठवाड्यातला वसंत धुऱ्यावरच उभा असतो. त्यासाठी गौताळ्याच्या जंगलातच जायला हवं असं नाही. तरी फोटो मनासारखे येत नाहीत, आणि बहुतेक वेळा दोष कॅमेऱ्याचा नसतो. आपल्याकडचं ऊन आणि काळं रान कॅमेऱ्याला चकवतं.

पळसाचं फूल नुसता केशरी डाग दिसतं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. एकूण उजेड बरोबर दिसतो, पण लाल रंगाची माहिती आधीच उडालेली असते, म्हणून पाकळीवरची लव आणि शिरा गायब होतात. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावा आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, 0.7 ते 1 स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). मोबाइलवर फुलाला टॅप करून सूर्याचं चिन्ह खाली ओढा. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर न ठेवता ‘डेलाइट’वर ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोत पळसाचा रंग वेगळा येईल. आणि झाड पूर्ण फुलायची वाट कशाला बघायची? कळीचा तो काळपट, मखमली पेला आणि त्यातून डोकावणारं केशरी टोक मला भर बहरापेक्षा देखणं वाटतं.

शिंजीर काळाच येतो

शिंजीर म्हणजे फुलांतला मध पिणारा चिमुकला सनबर्ड. नराच्या अंगावरची निळी-जांभळी झळाळी पिसांच्या रचनेतून येते. ऊन योग्य बाजूने पडलं तरच ती दिसते. सूर्य तुमच्या पाठीशी ठेवा. पक्ष्यामागे कॅमेरा फिरवत बसू नका. तो त्याच झाडावर पुन्हापुन्हा येतो, म्हणून एक घोस निवडून थांबा. शटरचा वेग किमान 1/1000 सेकंद, उडताना टिपायचा तर 1/2000. भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे मात्र पुढच्या महिन्यावर ढकलू नका, एप्रिल सरेपर्यंत त्या मध्य आशियाकडे निघून जातात.

काळ्या रानातला बगळा

नांगरलेल्या शेतात बगळा चुन्याच्या ठिपक्यासारखा येतो, एक पीस वेगळं दिसत नाही. चौकटीत काळी माती जास्त असली की कॅमेरा सगळंच उजळवायला बघतो आणि पांढरा रंग जळतो. इथेही एक्स्पोजर एक स्टॉप किंवा त्याहून जास्त कमी करा.

चैत्रात ऊन चढल्यावर लांबून काढलेले फोटो पुसट येतात, तेव्हा लेन्सला दोष देऊ नका. तापलेल्या ढेकळांवरची हवा लहरत असते. ट्रायपॉडने त्यात काही फरक पडत नाही. सकाळच्या पारी जा, अंतर कमी ठेवा.

टिटवी ओरडतेय, तरी पुढे जाणं

ही चूक फोटोची नाही, पण सगळ्यात मोठी आहे. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. बहुधा चार, मातकट रंगाची, काळसर ठिपक्यांची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. दुपारी ती अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसं भिजवून आणून अंडी गार ठेवते. आपण तिला उठवून ‘एकच फोटो’ म्हणत रेंगाळलो तर तेवढ्या उन्हात अंडी भाजतात. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडली की तिथूनच मागे फिरा, ती परत बसेपर्यंत लांब जा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं शिकारीच्या व्याख्येत येतं. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा, “मामा, इकडं टिटवीनं अंडी घातलीत का?” उंचावर घातली तर पाऊस चांगला, असं मानणाऱ्या शेतकऱ्याला जागा नेमकी ठाऊक असते. फोटो टाकताना लोकेशन देऊ नका. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणंही विणीच्या दिवसांत टाळाच.

बारकी फुलं

एकदांडी, पिवळा धोत्रा उभ्याने, वरून टिपू नका. पार्श्वभूमीला नुसता कचरा येतो. मोबाइल उलटा धरून लेन्स जमिनीलगत न्या. फोकस बसत नसेल तर थोडं मागे सरा आणि नंतर फोटो कापा. वारा सुटला तर फूल तोडून सावलीत नेऊ नका, झुळूक थांबेपर्यंत थांबा. सकाळी आठच्या आत सहसा थांबावंही लागत नाही.