बहुपदीचा आलेख सरकवला की शून्ये कुठे जातात?

बहुपदीचे शून्य म्हणजे क्ष ची अशी किंमत, जी ठेवल्यावर बहुपदीची किंमत ० येते. आलेखावर हीच जागा क्ष-अक्षावर सापडते. आलेख सरकवणे, ताणणे, उलटा करणे हे नियम सुटे पाठ केले तर चिन्हांचा घोळ होतोच. त्याऐवजी प्रत्येक बदलानंतर एकच प्रश्न विचारा: शून्यांचे काय झाले? उत्तर आले की अर्धा आलेख तयार झालेला असतो.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू:
फ(क्ष) = क्ष³ − ३क्ष² − ४क्ष + १२

पायरी १: शून्ये शोधा

सगळे सहगुणक पूर्णांक असताना पूर्णांक शून्य असलेच तर ते स्थिर पदाचा (क्ष नसलेल्या पदाचा) विभाजक असते. इथे स्थिर पद १२, म्हणून ±१, ±२, ±३, ±४, ±६, ±१२ एवढ्याच किमती तपासायच्या. क्ष = १ ठेवले तर ६ येतात, जमले नाही. क्ष = २ ठेवले तर ८ − १२ − ८ + १२ = ०. एक शून्य मिळाले.

आता नववीत शिकलेला संश्लेषक भागाकार करा. क्ष − २ ने भागायचे, म्हणून सहगुणक १, −३, −४, १२ आणि बाहेर २. खालच्या ओळीत १, −१, −६ आणि बाकी ०. भागाकार क्ष² − क्ष − ६ = (क्ष − ३)(क्ष + २). म्हणजे शून्ये −२, २ आणि ३.

इथे दोन चुका वारंवार होतात. क्ष³ − ७क्ष + ६ सारख्या बहुपदीत क्ष² चे पद नसते. त्या जागी ० लिहायचा राहिला (१, ०, −७, ६) की पुढचे सगळे आकडे एक घर सरकतात. दुसरी चूक चिन्हाची: क्ष + २ ने भागताना बाहेर −२ लिहायचे, २ नाही.

पायरी २: मूळ आलेख हाताने काढा

सेंटिमीटर-मिलिमीटरचा आलेख कागद घ्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकात सहज मिळतो. क्ष-अक्षावर १ सेंमी = १ एकक, य-अक्षावर १ सेंमी = ५ एकके असे प्रमाण ठेवा, कारण क्ष −३ पासून ४ पर्यंत जाताना य −३० ते साधारण १३ असा फिरतो. दोन्ही अक्षांवर सारखेच प्रमाण घेतले तर आलेख कागदावर मावत नाही.

बिंदू: (−३, −३०), (−२, ०), (−१, १२), (०, १२), (१, ६), (२, ०), (३, ०), (४, १२). २ आणि ३ च्या मध्ये सरळ रेघ ओढू नका. क्ष = २.५ ला किंमत −१.१२५ येते, म्हणजे आलेख तिथे अक्षाखाली उतरतो. हा छोटा खळगा पुढे महत्त्वाचा आहे.

एखादा अवयव दोनदा आला, जसे (क्ष − २)²(क्ष + १), तर आलेख २ पाशी अक्षाला स्पर्श करून परततो आणि −१ पाशी मात्र अक्ष ओलांडतो.

पायरी ३: एकेक बदल करा

फ(क्ष − १): आलेख १ एकक उजवीकडे जातो, शून्ये −१, ३, ४. वजा असताना उजवीकडे का? जुने शून्य २ होते. नव्या बहुपदीत कंसाची किंमत २ व्हायची तर क्ष − १ = २, म्हणून क्ष = ३. कंसातला बदल नेहमी असे समीकरण सोडवून ठरवा, चिन्ह बघून नव्हे.

फ(२क्ष): आलेख आडवा निम्मा दबतो, शून्येही निम्मी: −१, १, १.५. फ(−क्ष): य-अक्षाभोवती उलटतो, शून्ये २, −२, −३.

३फ(क्ष) आणि −फ(क्ष): शून्ये जागची हलत नाहीत, कारण ० ला कशानेही गुणले तरी ०. फक्त उंची बदलते किंवा आलेख पालथा होतो.

खरी गंमत कंसाबाहेर मिळवण्या-वजा करण्यात आहे. फ(क्ष) − १२ म्हणजे आलेख १२ एकके खाली. शून्ये किती सरकली? तसा नियमच नाही, ती नव्याने काढावी लागतात. आपल्या उदाहरणात क्ष³ − ३क्ष² − ४क्ष = क्ष(क्ष − ४)(क्ष + १), म्हणून शून्ये −१, ०, ४. कागदावर य = १२ ची आडवी रेघ ओढा; ती मूळ आलेखाला नेमकी याच तीन ठिकाणी छेदते. उलट फ(क्ष) + २ घेतले तर तो खळगा अक्षाच्या वर उचलला जातो, कारण त्याची खोली जेमतेम १.१३ आहे. मग −२.१ च्या आसपास एकच वास्तव शून्य उरते. खळग्याचा आकार नीट काढला नसेल तर हे कागदावर दिसणारच नाही.

पायरी ४: दोन बदल एकत्र

फ(२क्ष − ६) मध्ये ‘आधी निम्मे दाबले, मग ६ उजवीकडे’ असे केले की शून्ये ५, ७, ७.५ येतात आणि ती चूक आहेत. कंसातून २ बाहेर काढून फ(२(क्ष − ३)) लिहा: आधी निम्मे, मग ३ उजवीकडे. शून्ये २, ४, ४.५. ताळा करा: क्ष = ४.५ ठेवला की २ × ४.५ − ६ = ३, आणि फ(३) = ०. उरलेल्या दोन शून्यांचाही ताळा असाच करा, आणि मगच जिओजेब्रा (आलेख काढणारे सॉफ्टवेअर) उघडून आपला आलेख त्यातल्या आलेखाशी जुळवून पाहा.