मारुती 800 सिग्नलला थरथरते? कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी हे बघा

कार्बोरेटरवाल्या (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेल्या) मारुती 800 ची एक तक्रार सगळीकडे ऐकू येते. चालताना गाडी बरी असते, पण सिग्नलला उभी केली की थरथरायला लागते, मधूनच एखादा ठोका गळतो आणि कधीकधी बंदच पडते. यावर बहुतेक ठिकाणी एकच इलाज होतो: स्क्रू ड्रायव्हर घेतात आणि स्लो, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचा वेग (आयडलिंग), वाढवून देतात. थरथर कमी झाल्यासारखी वाटते, पण दोष जागच्या जागी राहतो आणि पेट्रोल वाढतं ते वेगळंच. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की कार्बोरेटरचे स्क्रू सगळ्यात शेवटी. आधी ठिणगी, मग हवा, मग पेट्रोल. हा क्रम धरला तर बऱ्याचदा कार्बोरेटरपर्यंत जायची वेळच येत नाही.

आमची गाडी 1996 ची आहे आणि चिपळूणच्या पावसात वाढलेली आहे. त्यामुळे पुढे दमट हवेबद्दल जरा जास्तच येईल. तुमची गाडी एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) असेल तर प्लग आणि हवेच्या गळतीचं सगळं लागू आहे, कार्बोरेटरचं सोडून द्या.

एक गोष्ट आधी समजून घ्या. 796 सीसीचं हे इंजिन तीन सिलिंडरचं आहे. चार सिलिंडरच्या गाडीसारखं ते कधीच निवांत उभं राहणार नाही, थोडी थरथर त्याच्या घडणीतच आहे. पण त्याच कारणाने एक सिलिंडर मेला की एक तृतीयांश इंजिन गेलं, आणि ते लपत नाही.

काम मोकळ्या जागेत करा, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातलं काही असेल तर काढून ठेवा. रेडिएटरचा पंखा विजेवरचा आहे, इंजिन तापलं की तो न सांगता फिरू लागतो.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी सोय) आत गेलाय ना ते बघा. एअर फिल्टरचं झाकण काढून वरून पाहिलं तर चोकचा बटरफ्लाय (झडप) सरळ उभा दिसला पाहिजे. केबल अडकून तो अर्धवट आडवा राहिला असेल तर तुमचा दोष तिथेच सापडला. फिल्टर काळा पडला असेल तर बदला.

मग मागे जा आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर वर्तमानपत्राचा एक तुकडा धरा. निरोगी इंजिन कागद एकसारखा बाहेर ढकलतं. ठरावीक तालात कागद मधेच ढिला पडत असेल तर एकच सिलिंडर सतत चुकतोय: ठिणगी किंवा व्हॉल्व्ह. कधी चुकतो, कधी नाही, इंजिनचा वेग वरखाली होत राहतो, असं असेल तर संशय हवेच्या गळतीवर किंवा पेट्रोलवर. आणि कागद मधूनच आत ओढला गेला तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसण्याची शक्यता आहे. त्यासाठी मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्या, बाहेरून काही फिरवून ते बरं होत नाही. कागद अगदी व्यवस्थित फडफडतोय आणि तरी गाडी हलते? मग इंजिनची फाउंडेशन रबरं बघा. फाटलेलं रबर चांगल्या इंजिनालाही बदनाम करतं.

आता प्लग. इंजिन थंड झाल्यावरच खोला, कारण हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि गरम असताना जोर केला तर आटे जातात. वायरींवर टेपने 1, 2, 3 लिहून ठेवा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-2 आहे, आणि वायर उलटसुलट लागली की नवीनच दुखणं सुरू होतं. टोपी धरून ओढा, वायर धरून नाही. खोलण्याआधी प्लगभोवतीची धूळ फुंकून काढा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते.

तिन्ही प्लग कागदावर क्रमाने मांडा आणि उजेडात नीट बघा. इथे घाई करू नका, प्लग बोलतात. टोकाचं पांढरं पोर्सिलेन फिकट तपकिरी झालेलं असेल तर तो सिलिंडर ठीक चाललाय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पेट्रोलने ओला, वास येणारा प्लग म्हणजे तिथे ठिणगीच पडत नाही. तेलकट काळा असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजून तेल आत येतंय. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ, म्हणजे कुठून तरी फुकटची हवा आत येतेय. तिन्ही सारखेच काळे किंवा सारखेच पांढरे असले तर कारण सगळ्यांना सामाईक आहे. दोन चांगले आणि एक वेगळा, तर दोष त्या एकाच्याच वाटेवर शोधायचा.

पॉइंटवाल्या (डिस्ट्रिब्युटरमध्ये वीज जोडणारे-तोडणारे संपर्क असलेल्या) गाडीला प्लगची फट साधारण 0.7 ते 0.8 मिमी ठेवतात. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला, सरकताना किंचित घासलं पाहिजे. बसवताना आधी बोटांनी आटे धरू द्या, पाना नंतर.

डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना क्रमाने वीज वाटणाऱ्या भागाची) कॅप काढून आतून बघा. कोकणात जूननंतर आत बाष्प धरतं, पितळी टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी येते, आणि दोन टोकांच्या मधे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते. त्या रेघेवरून ठिणगी भलतीकडे जाते. रेघ पडलेली कॅप घासत बसू नका, बदला. पॉइंट असतील तर त्यांची फट 0.4 ते 0.5 मिमी आहे का बघा. आणि एक सोपी परीक्षा: रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा. खराब एचटी वायरवर (प्लगला ठिणगीची वीज नेणाऱ्या जाड वायरवर) निळसर ठिणग्या नाचताना डोळ्यांना दिसतात. चालू इंजिनवर वायर हाताने उपसून बघायचा प्रकार मात्र करू नका. झटका जबर असतो, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर तेही जाऊ शकतं.

ठिणगी ठीक असेल तर हवा. कार्बोरेटर आणि इनटेक मॅनिफोल्डला (मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या भागाला) जोडलेल्या सगळ्या रबरी नळ्यांची टोकं हाताने वाकवून बघा. तिथेच त्या कडक होऊन तडकतात. मग इंजिन चालू ठेवून एकेक नळी पक्कडीने हलकेच दाबा. एखादी दाबल्यावर इंजिन सुधारलं तर गळती त्या नळीत किंवा तिच्या पुढे. कार्बोरेटरखालच्या पॅकिंगवर स्प्रे बाटलीने थोडं साबणाचं पाणी मारा, डिस्ट्रिब्युटर सांभाळून. आवाज क्षणभर बदलला की पॅकिंग गेलं. काही जण इथे पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा मारतात. गरम एग्झॉस्ट वीतभर अंतरावर असताना ते करू नये.

हल्ली याला पेट्रोलही जोडून बघावं लागतं. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल या गाड्यांसाठी नव्हतंच. साध्या पेट्रोलला जळायला एका भागास हवेचे साधारण 14.7 भाग लागतात, या पेट्रोलला सुमारे 13.5. सेन्सरवाली गाडी हे सांभाळून घेते. कार्बोरेटरला ते कळत नाही, म्हणून मिश्रण पातळ पडतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनी रबरं खातं. पेट्रोलच्या नळ्या चिकट किंवा फुगलेल्या लागल्या तर आजच बदला, तो आगीचा प्रश्न आहे.

आता कार्बोरेटर. रेस धरली की चालते, पाय काढला की लगेच बंद पडते, असं असेल तर आयडल सोलेनॉइड (चावी ऑन केल्यावर आयडलिंगच्या पेट्रोलची वाट उघडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बघा. इंजिन बंद, चावी ऑन, त्याची वायर काढून परत लावा. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. येत नसेल तर वायरीत वीज पोचते का ते बघा, पोचत असेल तर सोलेनॉइड गेला. आवाज येतोय तर आयडल जेट (आयडलिंगचं पेट्रोल जाणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) तुंबलेला असू शकतो. तो काढून कार्ब क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करा. तार घालू नका, पितळेचं भोक मोठं झालं की तो जेट कायमचा बिघडला.

हे सगळं झाल्यावरच स्क्रू. इंजिन गरम, दिवे आणि पंखा बंद. स्लोच्या स्क्रूने आयडलिंग साधारण 900 आरपीएमवर (मिनिटाला फेरे) आणा. मग मिक्श्चर स्क्रू (आयडलिंगचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) पाव-पाव फेरा फिरवत जा आणि प्रत्येक वेळी थोडं थांबा, इंजिनला उत्तर द्यायला वेळ लागतो. जिथे वेग सगळ्यात जास्त आणि आवाज सगळ्यात गुळगुळीत, तिथे थांबा. वेग वाढला असेल तर स्लोने परत 900 वर आणा आणि पुन्हा एकदा मिक्श्चर. शेवटी मिक्श्चर स्क्रू अगदी थोडा आत घ्या. आत म्हणजे पेट्रोल कमी.

यानंतर गाडी गरम असतानाच पीयूसी करून घ्या आणि नुसतं प्रमाणपत्र घेऊन येऊ नका, सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा वाचा. या जुन्या गाड्यांना मर्यादा 3 टक्क्यांची आहे. आकडा काठावर असेल तर तिथेच मिक्श्चर पाव फेरा आत घेऊन पुन्हा मोजायला सांगा.