बेसबॉलची स्कोअरवही कशी लिहायची: चॅडविकची पद्धत, सोलापूरचं मैदान

सोलापुरात क्रिकेटची वही नीट लिहिणाऱ्यांची वानवा नाही. अडचण येते ती शालेय सॉफ्टबॉल-बेसबॉलच्या वेळी. वही त्याच माणसाच्या हाती येते, तो धावा टिपतो, आऊट मोजतो आणि सामना संपल्यावर हातात फक्त ‘११-७’ उरतं. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) किती चेंडू अडवून फेकले, पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) नावावर पडलेल्या धावांपैकी त्याच्या किती आणि क्षेत्ररक्षकांच्या चुकीच्या किती, याचा पत्ता लागत नाही. निवडीच्या वेळी मग ज्याने लांब फटका मारला तोच सगळ्यांना आठवतो.

नेमकी ही अडचण हेन्री चॅडविकने सोडवली, आणि तीही क्रिकेटच्या वहीवरूनच. जन्म १८२४ चा, इंग्लंडमधल्या एक्झिटरचा. १८३७ मध्ये कुटुंबाबरोबर अमेरिकेत ब्रुकलिनला आला. इंग्लंडच्या सार्वजनिक स्वच्छतेवर आकडेवारीनिशी गाजलेला अहवाल लिहिणारा एडविन चॅडविक हा त्याचा सावत्र भाऊ. हेन्री वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटचं वार्तांकन करायचा. १८५६ मध्ये होबोकेनच्या मैदानावर एक चांगला बेसबॉल सामना त्याने पाहिला आणि पुढचं आयुष्य त्या खेळाला दिलं. क्रिकेटच्या गुणतक्त्यावरून त्याने बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा खेळाडूवार तक्ता, घडवला. प्रत्येक खेळाडूसमोर धावा, हिट (फटक्याच्या जोरावर बेस गाठणं), पुटआऊट (आऊट पुरा करणं), असिस्ट (फेकून आऊटला मदत करणं) आणि एरर (क्षेत्ररक्षणातली चूक) असे रकाने. यातले शेवटचे तीन क्षेत्ररक्षणाचे आहेत, आणि खरं मोल तिथेच आहे. क्रिकेटच्या वहीत झेल घेणाऱ्याचं नाव येतं, पण पॉइंटवर झेपावून चार धावा वाचवणाऱ्याला रकाना नसतो. चॅडविकने तो दिला.

सामान आणि वही

छापील वही मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर नवी पेठेतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानातून चौकटीची मोठी वही घ्या. डाव्या पानावर एक संघ, उजव्यावर दुसरा. नऊ बॅटरसाठी नऊ ओळी, पण प्रत्येक ओळीखाली बदली खेळाडूसाठी एक अरुंद ओळ मोकळी सोडा. उभे रकाने डावांचे: नऊ डावांचा सामना असेल तर बारा, सात डावांचा असेल तर दहा आखा. जादा डाव लागतो तेव्हा पट्टी शोधायला वेळ नसतो, आणि एका डावात नऊच्या नऊ बॅटर खेळून गेले तर पुढचा रकानाही त्याच डावात जातो.

प्रत्येक चौकटीत फिकट पेन्सिलीने एक चौकोन टोकावर उभा काढा. खालचं टोक होम (जिथे बॅटर उभा राहतो), उजवं पहिला बेस, वरचं दुसरा, डावं तिसरा. रनर जसा पुढे जाईल तशी त्या बाजूवर गडद रेघ ओढायची. होमला परत पोचला की धाव झाली, चौकोन आतून भरायचा.

लिहायला एचबी पेन्सिल, दोन घ्या. बॉलपेन नको, कारण पंचांचा निर्णय बदलतो. लाल पेन फक्त डाव संपल्याची तिरकी रेघ ओढायला आणि बदली दाखवायला. पॅडला वरखाली दोन्हीकडे क्लिप लावा. पार्क मैदानावर दुपारी वारा सुटला की पान उलटतं आणि नेमका त्याच क्षणी कोणीतरी बेस चोरतो, म्हणजे फटका नसतानाच पुढच्या बेसवर पळतो. उन्हाळी शिबिरात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा टेबल सावलीत हवं, पण होम प्लेटच्या मागे आणि जाळीपासून थोडं दूर. पहिल्या बेसच्या बाजूच्या झाडाखाली बसलात तर चेंडू स्ट्राइक झोनमधून (बॅटरसमोरच्या वैध पट्ट्यातून) गेला की नाही, हे पंचांच्या हातावरून तेवढं कळेल.

नऊ आकडे

हे पाठ झाल्याशिवाय पेन्सिल हातात घेऊ नका. १ पिचर, २ कॅचर, ३ पहिला बेस, ४ दुसरा बेस, ५ तिसरा बेस, ६ शॉर्टस्टॉप, ७ लेफ्ट फील्ड, ८ सेंटर फील्ड, ९ राइट फील्ड. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असला तरी त्याचा आकडा ६, इथे नवखा हमखास अडखळतो.

आकडा जागेचा आहे, जर्सीचा नाही. सगळ्यात जास्त वह्या इथे बिघडतात. पिचर आणि तिसऱ्या बेसवाला यांनी जागा बदलल्या तर आकडेही बदलले. बदल कितव्या डावात, किती आऊट असताना झाला ते लगेच समासात लिहा. आकड्यांचा आणखी एक फायदा सोलापुरात विशेष जाणवतो. मैदानावर मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत हाका ऐकू येतात, पण ‘६-३’ सगळ्यांना सारखंच कळतं.

खुणा मोजक्याच ठेवा. शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसला फेकलं, आऊट: ६-३. फेकणाऱ्याला असिस्ट, आऊट पुरा करणाऱ्याला पुटआऊट. सेंटरला उंच झेल: एफ ८. वॉक, म्हणजे चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस: बीबी. दुसऱ्या बेसवाल्याची चूक: ई ४. स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद: ‘के’ हे इंग्रजी अक्षर. तेही चॅडविकचंच. तो शब्दातलं ठळक ऐकू येणारं अक्षर घ्यायचा, ‘स्ट्रक’चं शेवटचं म्हणून के. बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक गेला तर के उलटं काढतात. हा फरक जरूर ठेवा, प्रशिक्षकाला तो लागतो. प्रत्येक आऊटचा क्रमांक चौकटीच्या कोपऱ्यात गोल करून लिहायचा: १, २, ३.

एक डाव, पहिल्यापासून शेवटपर्यंत

पहिला बॅटर शॉर्टस्टॉपकडे जमिनीलगत मारतो, ६-३, एक आऊट. दुसऱ्याला वॉक. तिसरा लेफ्टला सिंगल (एका बेसचा हिट) मारतो, वॉकवाला दुसऱ्या बेसवर. चौथा स्ट्राइकआऊट, दोन आऊट. पाचवा सेंटरला डबल (दोन बेसचा हिट) मारतो, वॉकवाला घरी येतो, सिंगलवाला तिसऱ्यावर थांबतो. सहाव्याचा सोपा चेंडू दुसऱ्या बेसवाल्याच्या पायांतून निघून जातो, ई ४. सिंगलवाला घरी येतो, डबलवाला तिसऱ्यावर, सहावा पहिल्यावर. सातवा सेंटरला झेल देतो, एफ ८, तीन आऊट.

धावा २, हिट २, एरर १, बेसवर अडकलेले २. पुटआऊट पहिल्या बेसवाल्याला एक, सेंटरला एक आणि स्ट्राइकआऊटचा कॅचरला एक. हा तिसरा विसरला जातो. असिस्ट शॉर्टस्टॉपचा एक.

आता यातल्या अर्जित, म्हणजे पिचरच्या स्वतःच्या, धावा किती? एकच. दुसऱ्या बेसवाल्याने तो चेंडू उचलून फेकला असता तर तिथेच तिसरा आऊट होऊन डाव संपला असता, म्हणून त्यानंतर आलेली धाव अर्जित नाही. सहाव्या बॅटरला आरबीआयही (आपल्या फटक्याने घरी आणलेल्या धावेचं श्रेय) नाही, कारण दोन आऊट असताना धाव चुकीमुळे आली. पाचव्याला मात्र एक आरबीआय.

अर्जित धाव ठरवताना डाव मनातल्या मनात चुकांशिवाय पुन्हा खेळायचा असतो. कॅचरच्या हातून सुटलेला सोपा चेंडू म्हणजे पास्ड बॉल, त्यावर आलेली धाव पिचरच्या माथी नाही. पिचरचाच चेंडू आवाक्याबाहेर गेला तर वाइल्ड पिच, आणि ती धाव त्याचीच. या दोन्ही गोष्टी एरर म्हणून लिहायच्या नाहीत.

क्रिकेटच्या सवयी कुठे नडतात

झेल घेतला की धाव नाही, ही सवय पहिली. बेसबॉलमध्ये दोनपेक्षा कमी आऊट असताना उंच झेल गेला तर तिसऱ्या बेसवरचा रनर झेल होईपर्यंत बेसवर पाय ठेवून थांबतो आणि मग घरी धावतो. धाव लागते, बॅटरला सॅक्रिफाइस फ्लाय मिळतो आणि ती त्याची अॅट बॅट (सरासरीत मोजली जाणारी फलंदाजीची पाळी) धरली जात नाही.

दुसरी गल्लत तिसऱ्या आऊटवरची, आणि भांडणं इथेच होतात. रनर होमला पाय लावतो आणि त्याच खेळात तिसरा आऊट होतो. धाव धरायची का? तिसरा आऊट पहिल्या बेसला पोचण्याआधीच बाद झालेल्या बॅटरचा असेल, किंवा मागून ढकलला जात असल्यामुळे पुढचा बेस गाठणं भाग असलेल्या रनरचा असेल, तर धाव नाही. रनर आधी घरी आला असला तरी नाही. पण तिसरा आऊट सक्ती नसलेल्या रनरला चेंडू लावून केला असेल तर काय आधी घडलं ते बघायचं: होमला पाय आधी तर धाव, टॅग आधी तर नाही. निर्णय पंचांचा. वहीत समासात ‘धाव आधी’ किंवा ‘टॅग आधी’ एवढे दोन शब्द लिहून ठेवा, तक्रार आली तर उपयोगी पडतात.

तिसरी म्हणजे स्ट्राइकआऊट झाला म्हणजे बॅटर गेलाच, हे गृहीत धरणं. पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आऊट झालेले असतील, आणि तिसरा स्ट्राइक कॅचरने नीट पकडला नाही, तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. तो पोचला तरी पिचरच्या खात्यात के लागतोच, फक्त आऊट होत नाही. कॅचरने उचलून पहिल्या बेसला फेकून बाद केलं तर ‘के २-३’: असिस्ट कॅचरला, पुटआऊट पहिल्या बेसवाल्याला. म्हणूनच एका डावात चार स्ट्राइकआऊटही दिसू शकतात. ती तुमची चूक समजून खोडू नका.

एरर कधी द्यायचा

चॅडविकला हा रकाना फार महत्त्वाचा वाटायचा, आणि ते बरोबरच होतं. कसोटी एकच: साधारण प्रयत्नात हा आऊट व्हायला हवा होता का? चेंडू हाताला लागलाच पाहिजे असं नाही. पायांतून गेलेला सरळ चेंडू न शिवताही एरर आहे. उलट, झेप घेऊन बोटाला लागून सुटलेला अवघड चेंडू हिट आहे. हळू उचलला, चुकीच्या बेसला फेकायचं ठरवलं, दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि चेंडू मध्येच पडला, अशा चुकांना बहुतेक वेळा एरर मिळत नाही. आपल्याकडच्या मुरमाच्या कडक मैदानावर चेंडू खड्याला लागून छातीएवढा उसळतो, तो हिटच लिहा. एवढ्यासाठी मुलाला दोष देणं अन्याय आहे. निर्णय लगेच घ्या आणि आई-वडील, प्रशिक्षक कोणीही येऊन सांगितलं म्हणून बदलू नका. बॅटरची सरासरी वाढावी म्हणून एररचा हिट झाला की एका रेघेत दोन खेळाडूंचा आणि पिचरचा असे तीन हिशेब बिघडतात.

ताळा

सामना संपला की पंच मैदानावर असतानाच ताळा करायचा. एका बाजूला संघाच्या अॅट बॅट, वॉक, चेंडू अंगावर लागून मिळालेले बेस, सॅक्रिफाइस बंट (रनरला पुढे न्यायला हळूच ठेवलेला चेंडू), सॅक्रिफाइस फ्लाय आणि अडथळ्यामुळे मिळालेले पहिले बेस. दुसऱ्या बाजूला त्यांच्या धावा, बेसवर अडकलेले रनर आणि समोरच्या संघाचे पुटआऊट. दोन्ही बेरजा सारख्या यायलाच हव्यात. वरच्या डावात ६ अॅट बॅट आणि १ वॉक म्हणजे ७. २ धावा, २ अडकलेले, ३ पुटआऊट, तेही ७.

जुळलं नाही तर आधी अडकलेले रनर पुन्हा मोजा, बहुतेक वेळा घोळ तिथे असतो. मग सॅक्रिफाइस बंट चुकून अॅट बॅटमध्ये धरला का ते पाहा. त्यानंतर पुटआऊट. झोपडपट्टीपासून मोठ्या शाळेपर्यंत कुठल्याही संघाचा पूर्ण डाव तीनच पुटआऊटचा, त्यामुळे सात डावांत २१. यजमान संघ आघाडीवर असल्याने शेवटचा अर्धा डाव झाला नसेल तर पाहुण्यांच्या नावावर १८ दिसतील, ते बरोबर आहे.

सरासऱ्या

क्रिकेटची सरासरी धावांना बाद झालेल्या डावांनी भागून येते. सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगरांचे ५९ कसोटींत ९४ डाव, ८ नाबाद, ३६३१ धावा. ८६ ने भागा, ४२.२२. बेसबॉलमध्ये नाबाद असं काही नसतं. हिट भागिले अॅट बॅट, तीन दशांश स्थळांपर्यंत. २४ अॅट बॅटमध्ये ७ हिट म्हणजे ०.२९२. वॉक त्यात येत नाही. १८८७ च्या मोसमात अमेरिकेत वॉकही हिट धरला होता, आकडे इतके फुगले की पुढच्याच वर्षी तो नियम गेला. चॅडविक तर वॉकला पिचरचीच चूक मानायचा. इथे मात्र त्याचं ऐकू नका. वाईट चेंडू सोडणं हे कौशल्य आहे, म्हणून बेसवर पोचण्याचं प्रमाणही काढा: हिट, वॉक आणि अंगावर लागलेले यांची बेरीज, भागिले अॅट बॅट, वॉक, अंगावर लागलेले आणि सॅक्रिफाइस फ्लाय यांची बेरीज. वरच्याच बॅटरला ३ वॉक, १ अंगावर, १ सॅक्रिफाइस फ्लाय असेल तर ११ भागिले २९, म्हणजे ०.३७९.

पिचरचा हिशेब, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे त्याच्या किती अर्जित धावा, आऊटवर करा. वहीत ५.२ लिहिलं असेल तर ते पाच डाव आणि दोन आऊट, दशांश नव्हे. कॅल्क्युलेटरवर ५.२ दाबलं की उत्तर चुकलंच. ५.२ म्हणजे १७ आऊट. अर्जित धावा ४ असतील तर नऊ डावांच्या सामन्यासाठी ४ गुणिले २७ भागिले १७, म्हणजे ६.३५. सात डावांच्या स्पर्धेत २७ च्या जागी २१ घ्या, ४.९४ येईल. तक्त्याच्या डोक्यावर कितीने गुणलं ते लिहा, नाहीतर दोन स्पर्धांतले पिचर एकाच मापाने मोजले जातील.

आणि सरासऱ्यांची सरासरी कधीच काढू नका. एका सामन्यात १ पैकी १ आणि दुसऱ्यात ४ पैकी ०, यांची सरासरी ०.५०० नाही, ५ पैकी १, म्हणजे ०.२००. शालेय स्पर्धेत एका मुलाला जेमतेम दहा-बारा अॅट बॅट मिळतात, तेव्हा निवड समितीकडे तक्ता देताना सरासरीशेजारी अॅट बॅटचा आकडा तितक्याच ठळक अक्षरात द्या आणि असिस्ट-एररचे रकाने कापू नका.