डोंगराळ भागातल्या मुलींच्या शिक्षणासाठी काम करणार असाल तर

या क्षेत्रात नव्याने आलेल्यांना पहिली हौस असते शाळा बांधण्याची. ती आवरा. दुर्गम डोंगरात मुली घरी राहतात त्याचं मोठं कारण बहुधा अंतर असतं. अफगाणिस्तानच्या घोर प्रांतात २००७-०८ मध्ये ३१ गावांत एक अभ्यास झाला. गावातच वर्ग भरू लागल्यावर शंभरातल्या आणखी सुमारे ५२ मुली शाळेत दाखल झाल्या आणि दाखल होण्यातली मुला-मुलींची तफावत जवळपास मिटली. स्वतंत्र इमारत लागलीच नाही, गावातली एखादी जागा पुरली.

म्हणून आधी रस्ता मोजा, तोही किलोमीटरमध्ये नाही. दहा वर्षांच्या मुलीच्या चालीने किती मिनिटं लागतात ते बघा. चढ आणि उतार वेगळे मोजा, पावसात किंवा बर्फात पुन्हा मोजा. ओढा कुठे फुगतो, निर्जन पट्टा कुठला, परतताना अंधार कुठे गाठतो, हे मुलींनाच विचारा. थोरांना यातलं निम्मं ठाऊक नसतं.

खरी गळती प्राथमिक शाळा संपल्यावर होते, कारण माध्यमिक शाळा दुसऱ्या खोऱ्यात असते. तिथे वसतिगृहच लागतं. मुक्कामी राहणारी बाई अधीक्षक नसेल तर पालक मुलीला पाठवणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे २५ मुलींमागे एक शौचालय हवं. आतून कडी, पाणी, दिवा आणि पाळीच्या कापडासाठी झाकणाचा डबा धरून. रात्री बाहेरून कुलूप लावायची पद्धत दिसली तर त्याच दिवशी बंद करा. आग लागली तर मुली आत अडकतील. वाट बंद होण्याआधी धान्य आणि सरपण भरून ठेवा.

हजेरीपटावर विसंबू नका. पटावर शिक्षकाचं पद किंवा मदत अवलंबून असेल तर आकडा फुगतोच. न सांगता जा, डोकी मोजा, महिन्याभराने पुन्हा मोजा.

शिष्यवृत्ती फीपुरती ठेवलीत तर पैसे वाया. फी बहुधा छोटी असते. गणवेश, वह्या, प्रवास आणि मुलीच्या घरकामाचा वेळ हा मोठा खर्च. रक्कम हप्त्यांनी द्या, पण एका गैरहजेरीवर हप्ता तोडू नका. धाकट्या भावंडाच्या आजारपणात घरी थांबलेली मुलगी पैसे तुटले की बहुधा परत येत नाही.

शिक्षिका बाहेरून आणलीत तर ती हिवाळ्याआधी बदली मागेल. गावातली दहावी झालेली सून किंवा लेक निवडा, प्रशिक्षण द्या, मानधन वेळेवर द्या.