पाय मुरगळला, टाच दुखते? या चुका टाळा

पाय मुरगळला की घरात पहिली हालचाल तेलाच्या बाटलीकडे होते. कुणीतरी तेल कोमट करतं, घोटा मांडीवर घेतं आणि चोळायला लागतं. मायेने केलेलं असतं, पण पहिल्या तासातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाऊल आतल्या बाजूला वळतं तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या अंगाचं लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, ताणलं जातं किंवा फाटतं. त्याबरोबर बारीक रक्तवाहिन्याही फुटतात आणि आत रक्त साचत राहतं. अशा वेळी चोळणं, शेक देणं, बोटं कडाकड मोडणं यामुळे हा स्राव वाढतो. संध्याकाळी लिंबाएवढी असलेली सूज सकाळी घोटाभर पसरलेली दिसते ती त्यामुळे.

पहिले दोन-तीन दिवस बर्फ लावा. तो ओल्या पातळ पंच्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवायचा, दर दोन-तीन तासांनी. थेट कातडीवर ठेवला तर कातडी भाजते. आडवं पडून पाय दोन-तीन उशांवर, छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवा. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवला तर तो छातीच्या खालीच राहतो, त्याने सूज फारशी उतरत नाही.

क्रेप बँडेज बहुतेक जण फक्त घोट्याभोवती गुंडाळतात. मग वर-खाली सूज फुगते आणि बोटं जांभळी पडतात. ४ इंची पट्टी घ्या, बोटांच्या मुळापासून सुरुवात करा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर येऊ द्या, घोट्यापाशी इंग्रजी आठच्या आकारात फिरवा आणि घोट्याच्या वर चार-सहा बोटं थांबा. टाच उघडी सोडू नका, कारण सूज नेमकी त्या खिडकीत जमते. झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. तसं झालं नाही किंवा मुंग्या आल्या तर पट्टी सोडून सैल बांधा. झोपताना काढून ठेवा.

‘बोटं हलतात म्हणजे हाड मोडलेलं नाही’ ही समजूत सोडून द्या. हाड मोडलेल्या माणसाचीही बोटं हलतात. एक्स-रे कधी काढायचा यासाठी कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये सोपे नियम मांडले, ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेला, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, हाडावर दाबून दुखत असेल तर एक्स-रे हवा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जे हाड हाताला लागतं ते किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दाबून दुखलं, तरीही हवा. आणि दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील तर हवाच. लंगडत टाकलेली पावलंही मोजायची. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना आणि लहान मुलांना मात्र हे नियम लावू नका, त्यांना थेट डॉक्टरांकडे न्या.

यानंतरची चूक उलट्या टोकाची असते. तीन आठवडे पाय हलवायचाच नाही असं ठरवलं जातं, मग दुखायचं थांबलं की थेट बॅडमिंटन. एकाच पायाला वारंवार लचक बसते त्याचं मोठं कारण हे आहे. लिगामेंटबरोबर घोट्याची तोल जाणण्याची क्षमताही बिघडलेली असते आणि ती नुसत्या विश्रांतीने परत येत नाही. ठणका कमी झाला की, साधारण तिसऱ्या दिवसापासून, अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायला लागा, दिवसातून तीनदा. वजन पेलायला लागलं की ओट्याला एक हात टेकून दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहा. सवय झाली की हात सोडा आणि मग डोळे मिटून करा. दूध तापेपर्यंतच्या वेळात हे होतं. साध्या लचकीला एक ते तीन आठवडे, मोठ्या लचकीला सहा किंवा त्याहून जास्त आठवडे लागतात. तोलाचा व्यायाम दुखणं संपल्यावरही चालू ठेवा.

आता टाच. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकवलं की खिळा घुसल्यासारखी कळ येते, दहा-पंधरा पावलांत ती ओसरते आणि दिवसभराच्या उभ्या कामानंतर पुन्हा डोकं वर काढते. बहुतेक वेळा हे तळपायाखालच्या जाड पट्ट्याचं, म्हणजे प्लांटर फॅशियाचं दुखणं असतं. एक्स-रेमध्ये हाडाचा काटा दिसतो आणि घरात ‘हाड वाढलंय’ म्हणून घबराट होते. असा काटा कधीही टाच न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही सापडतो. काटा काढून टाकण्याची गरज क्वचितच पडते.

इथे औषधाच्या गोळीपेक्षा ताण देण्याचा व्यायाम जास्त काम करतो आणि तो पहिलं पाऊल टेकवण्याआधी करायचा असतो. पलंगावर बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. हाताने बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवा, पट्टा तारेसारखा ताठ लागला तर ताण बरोबर बसतोय. १० सेकंद धरा, १० वेळा करा, असं दिवसातून तीनदा. जोडीला भिंतीला हात टेकून पोटरी ताणा, मागची टाच जमिनीवरून न उचलता, ३० सेकंद, तीन वेळा. हे आठवडाभर करून सोडून देणं हीच नेहमीची चूक. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे जातात, पूर्ण बरं व्हायला कधी कधी वर्षही. पण बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, हे धीराने लक्षात ठेवा.

घरातल्या कडक फरशीवर अनवाणी वावरणं थांबवा, स्वयंपाकघरात वेगळी मऊ चप्पल ठेवा. विकत घेताना ती हातात धरून वाकवा: बोटांच्या जागी वाकली तर ठीक, मधोमध दुमडली तर ठेवून द्या. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा मागू नका. वारंवार घेतल्याने पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो.

टाचेच्या मागे कुणीतरी लाथ मारल्यासारखा झटका बसला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायूबंध तुटलेला असू शकतो. त्यासाठी त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा. मध्यरात्री अंगठ्याचं मूळ लालभडक होऊन चादरीचा स्पर्शही सहन होत नसेल तर ती लचक नाही, बहुधा गाऊट, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिड साचून होणारं दुखणं आहे. ॲटॅक चालू असताना युरिक ॲसिडचा रिपोर्ट नॉर्मलही येतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

तळव्यावरचं कुरूप ब्लेडने कापायचं नाही, मग तुमचा हात कितीही सराईत असो. आधी ते कुरूपच आहे का ते बघा. सरळ दाबल्यावर जास्त दुखतं ते कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखतं आणि आत काळे ठिपके दिसतात ती चामखीळ, ती विषाणूमुळे होते. कॉर्न कॅपमधलं, म्हणजे कुरूपावर चिकटवायच्या औषधी पट्टीतलं, सॅलिसिलिक ॲसिड चांगली कातडीही जाळतं. आणि बूट तोच घट्ट राहिला तर कुरूप परत येणारच.

पावसाळ्यात चिखल्या झाल्या की मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणली जाते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरत राहते. साधं क्लोट्रिमॅझोल हे बुरशीवरचं मलम दिवसातून दोनदा लावा आणि कातडी स्वच्छ दिसल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. त्याआधी बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या, ओल्या बेचकीत कुठलंच मलम नीट काम करत नाही. नखं सरळ आडवी कापा, कोपरे खोल कोरू नका.

वर सांगितलेले घरगुती उपाय मधुमेह असलेल्यांनी जसेच्या तसे करू नयेत. बधिर पायाला बर्फाने आणि शेकाने, दोन्हींनी भाजतं आणि कळत नाही. पाय धुण्याचं पाणी फार गरम नाही ना ते कोपराने तपासा, कॉर्न कॅप अजिबात नको. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघा, चप्पल घालण्याआधी आत हात घालून खडा-खिळा चाचपा. पाय बधिर असेल तर एमसीआर (मऊ मायक्रोसेल्युलर रबर) तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. आणि एक पाऊल अचानक लाल, सुजलेलं, दुसऱ्यापेक्षा हाताला गरम लागत असेल तर दुखत नाही म्हणून चालत राहू नका. हाडं आतल्या आत खचायला लागलेली असू शकतात, अशा वेळी एक्स-रेही सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो. त्या पायावर वजन टाकणं तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा.