अंगणवाडीत नव्याने रुजू होताना : मुलांच्या मनाकडे पाहण्याविषयी

नव्या सेविकेला पहिल्या काही महिन्यांतच वजन, उंची, लसीकरण, आहारवाटप आणि पोषण ट्रॅकरवरच्या नोंदी यांची सवय होते. मूल मनाने कसे आहे हे मात्र कोणत्याच रकान्यात भरावे लागत नसल्यामुळे नजरेआड राहते. मी आधी अक्राणी तालुक्यात सेविका होते आणि आता चोपड्याकडे पर्यवेक्षिका आहे. या अनुभवातून एक गोष्ट ठामपणे सांगते : तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या मनाची काळजी वेगळा तास काढून घेता येत नाही, दारातले स्वागत, बोलण्याची भाषा आणि दिवसाचा ठरलेला क्रम यांतूनच ती घेतली जाते.

भाषेपासून सुरुवात करावी. सातपुड्यात मूल पावरी किंवा भिली बोलत येते, धुळे-अमळनेरकडे अहिराणी, तर यावल-रावेरकडे लेवा गणबोली. अशा मुलाशी पहिल्या दिवसापासून केवळ प्रमाण मराठीत बोलले, तर ते गप्प होते आणि आपण त्याला ‘लाजाळू’ किंवा ‘मंद’ ठरवून मोकळे होतो. रडणाऱ्या मुलाला ‘काय व्हयनं?’ असे त्याच्या घरच्या बोलीत विचारले की ते निदान मान वर करून पाहते. आपल्याला बोली येत नसेल, तर मदतनीस बहुधा गावातलीच असते. तिच्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही घरच्या भाषेवर भर आहे. त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी बालवाडी त्यांच्या अंगणापर्यंत नेली होती.

कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच शेतात जाते आणि मूल दारात आकांत करते. हे रडणे स्वाभाविक आहे. आईने मुलाची नजर चुकवून निघून जाऊ नये, ‘जेवण झाल्यावर आजी न्यायला येईल’ असे खरे तेच सांगून जावे, हे पालक मेळाव्यात पुन्हा पुन्हा समजवावे लागते. ‘सुई टोचतील’, ‘पोलीस धरून नेईल’ असे भय तर कोणीही घालू नये. मुलाला वेळ कळत नाही. गोलात बसणे, गाणी, मुक्त खेळ, हात धुणे, आहार आणि गोष्ट हा रोजचा क्रम हेच त्याचे घड्याळ असते. तो क्रम वारंवार बदलला की आधीच घाबरलेले मूल अधिक बिथरते.

आपल्या भागात सर्वाधिक लक्ष द्यावे लागते ते स्थलांतरित कुटुंबांतील मुलांकडे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला किंवा गुजरातकडे मजुरीला जातात. काही होळीला परततात, काही त्यानंतर. परतलेले मूल कधी अंगाला चिकटून बसते, कधी इतरांना मारते, ताटातला खाऊ लपवून ठेवते, कपड्यांत शी-शू करण्याची सुटलेली सवय पुन्हा लावून घेते. या वागण्याला खोडकरपणा म्हणून शिक्षा करणे हा त्या मुलावर दुसरा आघात ठरतो. त्याची बसण्याची जागा आणि त्याचे ताट तयार ठेवावे. इतक्या दिवसांत काय काय झाले, याची सर्वांसमोर चौकशी करू नये. माती, ठोकळे आणि बाहुल्या हाताशी दिल्या की ही मुले ट्रक, कोपी (ऊसतोड मजुरांची झोपडी), उसाच्या मोळ्या असा खेळ आपणहून मांडतात. तो खेळ थांबवून अक्षरे गिरवायला लावू नये, कारण जे सांगता येत नाही ते मूल तिथे मांडत असते. आपण जवळ बसावे, विचारले तरच बोलावे.

तरीही प्रत्येक बदल आपोआप निवळेल असे समजू नये. हाक मारल्यावर न पाहणे, येत असलेले शब्द नाहीसे होणे, कोणाबरोबरही न खेळणे, किंवा भीती व मारणे कित्येक आठवडे घरी आणि अंगणवाडीत सारखेच टिकून राहणे, अशा वेळी तारखेसह साध्या शब्दांत नोंद ठेवावी. ‘हट्टी आहे’ असे न लिहिता ‘आहाराच्या वेळी दोनदा मैत्रिणीला चावली, नंतर कोपऱ्यात बसली’ असे लिहावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येते आणि विकासातील विलंब पाहणे हे त्याच्या कामातच आहे. तेव्हा ही नोंद डॉक्टरांपुढे ठेवावी, म्हणजे आवश्यक असल्यास मुलाला पुढे पाठवता येते. निदान मात्र आपण करू नये. घरचे आधी भगताकडे गेले असतील तर त्यांना दोष देऊ नये. दोष दिला की ते दवाखान्याचीही वाट सोडतात. मुलाला मारहाण किंवा अत्याचार होत असल्याची शंका आली, तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

सेविकेचे मनही या कामात थकते, विशेषतः एखादे मूल दगावते किंवा एखाद्या घरातली हिंसा रोज डोळ्यांसमोर येते तेव्हा. मासिक बैठकीत आकड्यांबरोबर अशा एखाद्या मुलाविषयीही बोलावे, ही माझी नव्या सेविकांना विनंती असते आणि आमच्या बैठकीत त्यासाठी मी वेळ राखून ठेवते. मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत देणारी टेली मानसची १४४१६ ही मोफत सेवा रात्रंदिवस चालू असते. हा क्रमांक पालकांसाठी भिंतीवर लावावा, आणि स्वतःच्या फोनमध्येही जतन करून ठेवावा.